आईला दिलेलं स्टेरॉइड बाळात किती उतरलं: मोजायचं कसं, वाचायचं कसं

लेबर रूममधून आलेल्या एका जांभळ्या टोपणाच्या ट्यूबवर लिहिलं होतं, ‘नाळ, सकाळी’. बस, एवढंच. मशीनने त्या रक्तातलं बीटामेथासोन, म्हणजे आईला टोचलेलं स्टेरॉइड, दशांशाच्या दुसऱ्या स्थळापर्यंत मोजून दिलं आणि तो आकडा आम्हाला कुठेच वापरता आला नाही. सकाळी म्हणजे सहाला की अकराला? शेवटचं इंजेक्शन त्याच्या किती तास आधी झालं? नाळेतल्या व्हेनचं (शिरेचं) रक्त की धमनीचं? सिस्टरची ड्यूटी संपली होती आणि बाळ एनआयसीयूत (नवजात अतिदक्षता विभागात) गेलं होतं. विचारायचं कुणाला? तेव्हापासून या कामात नवीन येणाऱ्याला मी पहिल्या दिवशी मशीन दाखवत नाही, भिंतीवरचं घड्याळ दाखवते.

हा लेख प्रसूतीपूर्व स्टेरॉइडचं रक्तातलं प्रमाण मोजणाऱ्यांसाठी आहे: प्रबंध करणारे रेसिडेंट, एनआयसीयूतले संशोधक, क्लिनिकल फार्माकॉलॉजीवाले, लॅबमधले तंत्रज्ञ. घरी बाळाची वाट बघत हे वाचणाऱ्यांसाठी एकच खुलासा. ही नेहमीची तपासणी नाही. इंजेक्शन घेतलेल्या आईची किंवा तिच्या बाळाची औषधाची पातळी उपचारासाठी मोजत नाहीत, त्यावरून डोस कमी-जास्त करत नाहीत, आणि ‘नॉर्मल’ म्हणावी अशी ठरलेली मर्यादाही नाही. मोजणी होते ती संशोधनासाठी.

मग मोजायचं तरी कशाला? लिगिन्स आणि होवी यांनी न्यूझीलंडमधल्या ऑकलंडला केलेली चाचणी १९७२ मध्ये छापून आली. अकाली प्रसूतीच्या आधी आईला बीटामेथासोन दिलं तर बाळाला श्वासाचा त्रास कमी होतो, हे त्यात दिसलं. आज सर्रास वापरले जाणारे डोस दोन आहेत: बीटामेथासोन १२ मिग्रॅ, २४ तासांच्या अंतराने दोनदा, किंवा डेक्सामेथासोन ६ मिग्रॅ, १२ तासांच्या अंतराने चारदा, दोन्ही स्नायूत. गंमत अशी की हे डोस रक्तातली पातळी बघून ठरलेलेच नव्हते. उपयोग झाला, म्हणून तेच चालत आले. कमी डोस पुरेल का, हा प्रश्न अजून जिवंत आहे. फ्रान्समधल्या बीटाडोस चाचणीत, जिचे निष्कर्ष २०२२ मध्ये आले, अर्धा डोस पूर्ण डोसाइतकाच चालतो असं सिद्ध करता आलं नाही. गाभण मेंढ्यांवरच्या प्रयोगांतून मात्र असं दिसलंय की शिखर किती उंच गेलं यापेक्षा गर्भाच्या रक्तात मिलिलिटरला साधारण १ नॅनोग्रॅमच्या वर औषध दिवसभर किंवा त्याहून जास्त टिकलं का, याला महत्त्व आहे. ‘किती काळ टिकलं’ हे कळायचं तर मोजावंच लागतं.

पहिली पायरी: प्रश्न एका वाक्यात लिहा

‘आई आणि बाळातली पातळी बघायची आहे’ याला प्रश्न म्हणत नाहीत. वारेतून औषध किती पार झालं हे हवं असेल तर जन्माच्या क्षणी आई आणि नाळ यांची जोडी लागते. आईच्या शरीरातून औषध किती वेगाने जातं हे हवं असेल तर आईचे एकापाठोपाठ नमुने लागतात, बाळाचा एकही लागत नाही. जन्मानंतर बाळात ते किती टिकतं हे बघायचं असेल तर बाळाचं रक्त टाळता येत नाही, आणि मग नीतिशास्त्र समितीपुढे एकेका थेंबाचा हिशोब द्यावा लागतो. परिणाम बघायचा असेल तर औषधाबरोबर कॉर्टिसोल (शरीर स्वतः बनवतं ते स्टेरॉइड) आणि साखरही मोजावी लागते.

संमती प्रसूतीच्या कळांमध्ये मागायची नसते. बाई दाखल झाली, पहिलं इंजेक्शन झालं, जरा टेकली, की त्या वेळी नीट बसून बोला. बाळाच्या नमुन्यांची संमती वेगळी समजावून सांगा. आईने स्वतःच्या रक्ताला हो म्हटलं म्हणजे बाळाच्या टाचेलाही म्हटलं असं होत नाही.

दुसरी पायरी: नेमकं काय टोचलं, ते कुपीवरून उतरवा

इथे भले भले घसरतात. ‘बीटामेथासोन १२ मिग्रॅ’ असं केस पेपरवर लिहिलेलं असतं, पण बीटामेथासोन बाजारात दोन रूपांत मिळतं. एकात नुसतं फॉस्फेट असतं, दुसऱ्यात फॉस्फेट आणि ॲसिटेट यांचं मिश्रण. फॉस्फेट पाण्यात विरघळतं, स्नायूतून पटकन रक्तात येतं आणि शरीरातली एन्झाइम्स त्याचा फॉस्फेटचा तुकडा कापून मूळ औषध मोकळं करतात. ॲसिटेट जवळजवळ विरघळतच नाही. स्नायूत साठा करून बसतं आणि दिवसेंदिवस थोडंथोडं झिरपत राहतं. आठवड्याने घेतलेल्या नमुन्यात औषधाची पुसटशी खूण दिसली तर ती मोजणीतली चूक आहे की ॲसिटेटचा साठा, हे कुपीवरचं नाव नोंदलेलं असेल तरच कळतं.

डेक्सामेथासोनमध्ये घोळ वजनाचा होतो. मूळ डेक्सामेथासोनचं रेणुवजन ३९२.५, डेक्सामेथासोन फॉस्फेटचं ४७२.४ आणि त्याच्या सोडियम क्षाराचं ५१६.४. म्हणजे लेबलवरचे ४ मिग्रॅ जर फॉस्फेटचे असतील तर मूळ औषध फक्त ३.३ मिग्रॅच्या आसपास निघतं. लेबलवर ‘अमुक इतक्या फॉस्फेटएवढं’ की ‘अमुक इतक्या बेसएवढं’ हे बारीक अक्षरात असतं. ते वाचा, फोटो काढून ठेवा, बॅच नंबर लिहा. क्लिअरन्सचं, म्हणजे शरीर औषध किती वेगाने साफ करतं याचं, गणित डोसवर उभं असतं. डोसच सहावा हिस्सा चुकला तर पुढचं सगळं तितकंच चुकतं.

त्याच कागदावर आईची इतर औषधंही उतरवा. ही दोन्ही स्टेरॉइड यकृतातल्या सीवायपी३ए४ एन्झाइमने मोडली जातात. रिफाम्पिसिन, फेनिटोइन, कार्बामाझेपिन ते एन्झाइम वाढवतात, त्यामुळे औषध लवकर संपतं. रिटोनाविर, क्लॅरिथ्रोमायसिन, इट्राकोनाझोल ते अडवतात. गरोदरपणातही हे एन्झाइम जोरात चालतं, म्हणून गरोदर नसलेल्या बायकांवरचे आकडे इथे जसेच्या तसे लावता येत नाहीत. वजन, गर्भाचे आठवडे, बाळं एक की दोन, हेही लिहा.

तिसरी पायरी: वेळापत्रक, आणि ते मोडल्यावर काय

कागदावर सगळं सुंदर दिसतं: इंजेक्शननंतर १ तास, ३ तास, ८ तास, १२ तास, दुसऱ्या इंजेक्शनच्या अगदी आधी, मग प्रसूती. प्रत्यक्षात बाई आठव्या तासाला सोनोग्राफीला गेलेली असते आणि बाराव्या तासाला प्रसूत झालेली.

म्हणून ठरावीक वेळांऐवजी खिडक्या ठेवा. १ ते ४ तासांत एक नमुना, ८ ते १४ तासांत एक, २० ते २४ तासांत दुसऱ्या डोसच्या आधी एक, आणि जन्माच्या वेळी एक. प्रत्येक आईकडून चारही मिळायलाच हवेत असा हट्ट नको. कुणाकडून दोन, कुणाकडून तीन, असे विखुरलेले नमुने पॉप्युलेशन फार्माकोकायनेटिक्सच्या पद्धतीने, म्हणजे सगळ्यांचे आकडे मिळून एकच प्रारूप बसवून, एकत्र घेता येतात. या पद्धतीला नमुना ठरल्या वेळेला घेतला नाही याचं दुःख नसतं. वेळ खोटी लिहिली तर मात्र मोठा घोटाळा होतो. ‘ठरलं होतं १२ वाजता, घेतलं १२.५०ला, लिहिलं १२.००’ हा गुन्हा सगळ्यांत जास्त घडतो आणि तो पकडताही येत नाही.

आम्ही शेवटी काय केलं? वॉर्डातलं घड्याळ, ओटीतलं घड्याळ आणि एनआयसीयूतलं घड्याळ एकमेकांशी जुळवून पाहिली. ओटीचं सात मिनिटं पुढे होतं. आता सगळ्या नोंदी एकाच मोबाइलच्या वेळेने होतात.

चौथी पायरी: आईचं रक्त

हा भाग सोपा आहे. ईडीटीएची (रक्त गोठू न देणाऱ्या रसायनाची) ट्यूब, २ ते ३ मिली. ईडीटीए निवडण्यामागे कारण आहे: न फुटलेलं फॉस्फेट नमुन्यात उरलं असेल तर ट्यूबमध्येही एन्झाइम त्याला फोडत राहतात, आणि ईडीटीए त्या एन्झाइमला लागणारे धातूचे आयन बांधून ठेवतो. इंजेक्शननंतर पहिल्या तासाभरातल्या नमुन्यांत याला जास्त अर्थ आहे. ज्या सलाइनच्या सुईतून कुठलंही औषध गेलं तिच्यातून रक्त काढू नका, आणि इंजेक्शन दंडात दिलं असेल तर रक्त दुसऱ्या हाताचं घ्या.

पाचवी पायरी: नाळ

सगळ्या कामात मोलाचा नमुना हाच, आणि सगळ्यांत जास्त नासतोही हाच. नाळेत साधारणपणे एक व्हेन आणि दोन धमन्या असतात. इथे नावं फसवतात: व्हेनमधलं रक्त वारेकडून बाळाकडे जातं, धमनीतलं बाळाकडून वारेकडे. म्हणजे व्हेनमध्ये ‘बाळाला काय मिळतंय’ ते दिसतं, धमनीत ‘बाळाच्या अंगात फिरून काय परत चाललंय’ ते. दोन्ही घेता आलं तर उत्तम. एकच जमणार असेल तर व्हेन घ्या, पण सगळ्या अभ्यासभर व्हेनच घ्या.

क्रम असा ठेवा. बाळ आलं. नाळ बांधण्याची वेळ प्रसूतितज्ज्ञ आणि बालरोगतज्ज्ञ ठरवतील. नमुन्यासाठी ती एक सेकंदही अलीकडे ओढायची नाही. उशिरा नाळ बांधण्याचा फायदा बाळाचा आहे आणि तो आपल्या प्रबंधापेक्षा मोठा आहे. नाळ कापल्यावर वारेकडच्या भागाचा १५-२० सेंटीमीटरचा तुकडा दोन्हीकडून चिमट्यांनी बंद करून घ्या. ट्रेमध्ये ठेवा, बाहेरून ओल्या गॉझने पुसा. व्हेन रुंद, काळपट आणि पातळ भिंतीची असते, दाबली की लगेच दबते. धमन्या बारीक, पांढरट, टणक, व्हेनला वेढे घालत जाणाऱ्या. व्हेनमध्ये सुई तिरकी घाला आणि सिरिंज हळू ओढा. जोरात ओढली की तांबड्या पेशी फुटतात.

नाळ पिळून भांड्यात रक्त गोळा करायची सवय काही ठिकाणी आहे. इथे ती सोडा. पिळलेल्या रक्तात नाळेतला चिकट जेलीसारखा पदार्थ येतो, व्हेन-धमनीचं रक्त एक होतं आणि वारेवरचं आईचं रक्तही मिसळतं. आईची पातळी बाळाच्या साधारण तिप्पट असते, त्यामुळे तिच्या रक्ताचा छोटासा वाटाही नाळेचा आकडा वर ढकलतो.

आईचा नमुना नाळेच्या पाच-दहा मिनिटांत व्हायला हवा. दोन माणसं लागतात, एक आईकडे आणि एक नाळेकडे. एकट्याने करायला गेलात तर दोन्हींपैकी एक हातातून जातो.

जुळ्यांत पहिल्या बाळाच्या नाळेला एक चिमटा, दुसऱ्याच्या नाळेला दोन, ही जुनी खूण उपयोगी आहे. ट्यूबची लेबलं आधीच चिकटवून ठेवा. जन्माच्या धावपळीत पेन शोधत बसायला कुणालाच वेळ नसतो.

सहावी पायरी: बाळाचं रक्त

आधी गणित करा. बाळाच्या अंगात किलोमागे ८० ते ९० मिली रक्त असतं. ७०० ग्रॅमच्या बाळात एकूण साठच्या आसपास मिली. युरोपात मुलांवरच्या चाचण्यांसाठी पाळली जाणारी मर्यादा अशी: संशोधनासाठी एका वेळी एकूण रक्ताच्या १ टक्क्याहून जास्त नाही, चार आठवड्यांत ३ टक्क्यांहून जास्त नाही. म्हणजे या बाळाकडून एका वेळी ०.६ मिली, महिन्याभरात १.८ मिली. हे कमाल आहे, लक्ष्य नाही. साखर, बिलिरुबिन, ब्लड गॅससाठी त्याच अंगातून आधीच रक्त जातंय.

शहाणपणाचा मार्ग म्हणजे उपचारासाठी रक्त काढलं जाणारच आहे तेव्हा त्यातलाच थोडा भाग मागणं, किंवा तपासणीनंतर उरलेला प्लाझ्मा वापरणं. ५० मायक्रोलिटर प्लाझ्मावर चालणारी पद्धत बसवली तर हे सहज जमतं.

टाचेतून घ्यायचं असेल तर टाच कोमट करा, बाजूच्या भागात टोचा, पहिला थेंब पुसून टाका, दाबून पिळू नका. आणि हातमोजे नवे घाला. हे सांगण्याचं कारण जरा वेगळं आहे. बीटामेथासोन असलेली त्वचेची मलमं घराघरांत असतात. मलमाचा अंश बोटांवर असेल तर थेंबात उतरतो, आणि ज्या नमुन्यात आपण मिलिलिटरला दशांश नॅनोग्रॅम शोधतोय तिथे तो अंश डोंगराएवढा दिसतो. तिसऱ्या दिवशी एखाद्या बाळाची पातळी अचानक पहिल्या दिवसापेक्षा वर गेली, तर आधी कुणाच्या हाताला खाज आहे ते विचारा.

कागदावर वाळवलेल्या थेंबाचा पर्याय आकर्षक वाटतो, थोडं रक्त, फ्रीझर नको, पोस्टाने पाठवता येतं. पण नवजात बाळाचं रक्त दाट असतं, हिमॅटोक्रिट (तांबड्या पेशींचा वाटा) जास्त. दाट रक्त कागदावर कमी पसरतं, त्यामुळे ३.२ मिलिमीटरच्या चकतीत जास्त रक्त मावतं आणि आकडा फुगतो. त्या चकतीत रक्त असतं जेमतेम ३ मायक्रोलिटर, म्हणजे मशीनची संवेदनशीलता पणाला लागते. ठरावीक मायक्रोलिटर शोषणारी टोकं वापरली तर दाटपणाचा त्रास बराच कमी होतो. काहीही वापरा, पण वाळलेल्या थेंबातला आकडा पूर्ण रक्ताचा असतो, प्लाझ्माचा नव्हे. दोन्ही एकाच तक्त्यात मिसळायचे असतील तर आधी जोडीने मोजून नातं सिद्ध करा.

सातवी पायरी: ट्यूब ते फ्रीझर

ट्यूब उलटसुलट हलवा, बर्फाच्या पाण्यात ठेवा, तासाभरात ४ अंशांना सेंट्रिफ्यूज करा, प्लाझ्मा दोन कुप्यांत वाटा, उणे ८० अंशांत ठेवा. दुसरी कुपी पुनर्मोजणीसाठी राखीव. रक्तपेशी फुटून प्लाझ्मा गुलाबी झाला असेल तर फेकू नका, नोंद करा. फ्रीझरच्या कुप्यांवरची शाई अल्कोहोलने पुसली जाते, त्यासाठीची लेबलं वेगळी मिळतात. यापेक्षा जास्त सांगण्यासारखं यात काही नाही.

आठवी पायरी: मशीन, आणि दोन सारखी भावंडं

पद्धत एलसी-एमएस/एमएसचीच घ्या, म्हणजे आधी कॉलममधून घटक वेगळे करायचे आणि मग मास स्पेक्ट्रोमीटरने वजनावरून ओळखायचे. बीटामेथासोन मोजण्यासाठी अँटिबॉडीवरच्या चाचण्या आहेत, पण नाळेच्या रक्तात गर्भाची आणि वारेची स्टेरॉइड इतकी दाटलेली असतात की अँटिबॉडी फसते.

आता मुख्य खाचखळगा. बीटामेथासोन आणि डेक्सामेथासोन ही एकाच सूत्राची दोन रूपं आहेत, सी२२एच२९एफओ५. सोळाव्या कार्बनवरचा मिथाइल गट एकात वरच्या बाजूला, दुसऱ्यात खालच्या, फरक तेवढाच. वजन तेच. मास स्पेक्ट्रोमीटरमध्ये दोघांचाही आयन ३९३ ला दिसतो आणि दोघंही फुटून ३७३ आणि ३५५ देतात. मशीन वजन ओळखतं, चेहरा नाही. त्यामुळे दोघांना वेगळं करण्याचं काम आधीच्या कॉलमलाच करावं लागतं. घाईघाईत बसवलेल्या दोन-तीन मिनिटांच्या पद्धतीत दोन्ही आलेखावर एकाच शिखरात येतात आणि कुणाच्या लक्षातही येत नाही.

आमच्याकडे हे उघड झालं ते असं. सगळ्या आयांना बीटामेथासोन दिलेलं. सिझेरियन झालेल्या तिघींच्या जन्मवेळच्या नमुन्यात बीटामेथासोनच्या शेजारी दुसरं, त्याहून उंच शिखर. आधी वाटलं, आधीच्या नमुन्याचा अवशेष मशीनमध्ये राहिला असेल. कोरे नमुने चालवले, स्वच्छ निघाले. मग कॉलम बदलला, तरी शिखर तिथेच. शेवटी भुलीचे कागद मागवले. उलटी-मळमळ होऊ नये म्हणून भूलतज्ज्ञांनी शिरेतून डेक्सामेथासोन दिलं होतं. अगदी योग्य, रोजचंच. केस पेपरवर प्रसूतिविभागाच्या औषधांत ते नव्हतं, कारण ते भुलीच्या तक्त्यावर होतं. आमचा कॉलम दोघांना वेगळं करणारा नसता तर त्या तिन्ही आयांची बीटामेथासोनची पातळी भलतीच जास्त निघाली असती, वारेचं गुणोत्तर भलतंच कमी, आणि आम्ही त्यावर एक सिद्धांतही लिहून मोकळे झालो असतो. तेव्हापासून आमच्या नोंदपत्रात एक ओळ आहे: ‘भुलीच्या तक्त्यावर स्टेरॉइड? किती? नाळ बांधण्याआधी की नंतर?’

प्रत्यक्ष कृती अशी. ५० ते १०० मायक्रोलिटर प्लाझ्मा घ्या. त्यात ड्यूटेरियम लावलेलं अंतर्गत प्रमाण (इंटर्नल स्टँडर्ड, तुलनेसाठीचं ठरावीक मात्रेचं रसायन) घाला, शक्यतो दोन्ही औषधांचं आपापलं. मिथाइल टर्ट-ब्युटाइल ईथर किंवा इथाइल ॲसिटेटने स्टेरॉइड बाहेर ओढा, वरचा थर नायट्रोजनखाली वाळवा, मिथेनॉल-पाण्यात परत विरघळवा. ॲसिटोनायट्राइलने नुसती प्रथिनं पाडूनही भागतं, पण फॉस्फोलिपिड मागे राहतात आणि संकेत दाबतात. कॉलम फिनाइल किंवा पेंटाफ्लुओरोफिनाइल जातीचा, किंवा लांब सी१८. ग्रेडियंट हळू. दोन्ही औषधं समान प्रमाणात मिसळलेला एक नमुना रोज सुरुवातीला चालवा. दोन शिखरांमधली दरी तळाला टेकली पाहिजे. आकड्यात बोलायचं तर रेझोल्यूशन १.५ किंवा जास्त. दरी वर सरकायला लागली की कॉलम म्हातारा झाला.

कॅलिब्रेशन ०.१ ते १०० नॅनोग्रॅम/मिली एवढं रुंद ठेवा. आईच्या शिखराच्या वेळी दशकांत आकडे येतात, बाळाच्या चौथ्या दिवशी दशांशात. याच कारणाने एका कुटुंबाचे सगळे नमुने एकाच रनमध्ये घ्या, पण बाळाचे आधी आणि आईचे नंतर. उलट केलंत तर आईच्या नमुन्याचा अवशेष बाळाच्या खात्यात जमा होतो.

पद्धतीची पारख औषध-मोजणीच्या आयसीएच एम१० या २०२२ च्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वांप्रमाणे करा: अचूकता १५ टक्क्यांच्या आत, सर्वांत खालच्या पातळीला २० टक्के, किमान सहा कॅलिब्रेटर, पहिल्या हजार नमुन्यांपैकी १० टक्क्यांची पुनर्मोजणी. ते वाचून करण्यासारखं आहे, इथे उतरवत नाही. एकच भर घालते: कोरा प्लाझ्मा प्रौढांचा वापरून समाधान मानू नका. स्टेरॉइड न घेतलेल्या किमान सहा आयांच्या नाळेचा प्लाझ्मा गोळा करा आणि त्यात तपासा. नाळेचा प्लाझ्मा हे वेगळंच रसायन आहे.

नववी पायरी: आकडे वाचणं

एकक आधी ठरवा. १ नॅनोग्रॅम/मिली म्हणजे २.५५ नॅनोमोल/लिटर. जुने शोधनिबंध कधी यात, कधी त्यात, तर कधी ‘कॉर्टिसोलच्या तोडीस तोड’ अशा एककात आकडे देतात. तुलना करण्याआधी बदला.

समजा जन्माच्या वेळी आईत ६.० आणि नाळेच्या व्हेनमध्ये २.१ नॅनोग्रॅम/मिली आहे. गुणोत्तर ०.३५. बीटामेथासोनसाठी जुन्या अभ्यासांपासून ०.३ च्या आसपासचं गुणोत्तर दिसत आलंय, तेव्हा हा आकडा पटण्यासारखा आहे. प्रेडनिसोलोनचं गुणोत्तर ०.१ च्या जवळपास असतं, कारण वारेतलं ११-बीटा-एचएसडी२ एन्झाइम त्याला बरंच निष्क्रिय करतं. बीटामेथासोन आणि डेक्सामेथासोनमधला फ्लोरिनचा अणू त्यांना या एन्झाइमपासून बऱ्यापैकी वाचवतो. बाळासाठी हीच दोन औषधं निवडली जातात त्याचं कारणच हे.

पण गुणोत्तर एकटं लिहू नका. इंजेक्शननंतर पहिल्या तासात आईची पातळी शिखरावर असते आणि बाळाची अजून चढत असते, गुणोत्तर छोटं येतं. पुढे आईची झपाट्याने उतरते, बाळाची सावकाश, आणि गुणोत्तर वाढतं. ०.१५ आणि ०.४० हे दोन आकडे एकाच वारेचे असू शकतात, दोन वेगळ्या तासांचे. म्हणून आलेख काढताना आडव्या अक्षावर शेवटच्या इंजेक्शनपासूनचे तास हवेत.

हाफ-लाइफ, म्हणजे पातळी निम्मी व्हायला लागणारा वेळ, काढायला किमान दोन बिंदू लागतात. सहाव्या तासाला २४ आणि अठराव्या तासाला ६ आलं, तर बारा तासांत चतुर्थांश झालं, म्हणजे दोन वेळा निम्मं, हाफ-लाइफ ६ तास. हे फॉस्फेटपुरतं ठीक आहे. ॲसिटेट असलेल्या मिश्रणात मात्र शेवटचा उतार औषध शरीरातून जाण्याचा नसतोच, तो स्नायूतला साठा रिकामा होण्याचा असतो. तिथून ‘हाफ-लाइफ चाळीस तास’ असा निष्कर्ष काढला तर यकृतावर उगाच आळ येतो. डेक्सामेथासोन बीटामेथासोनपेक्षा लवकर जातं, म्हणून त्याचे डोस जवळजवळ आहेत. जन्मानंतर बाळाची वारेशी फारकत होते आणि सगळी जबाबदारी त्याच्या कोवळ्या यकृतावर येते. आईची हाफ-लाइफ बाळाला लावू नका.

‘मोजता आलं नाही’ म्हणजे शून्य नव्हे. मशीनची खालची सीमा ०.१ असेल तर ‘०.१ पेक्षा कमी’ असंच लिहा. त्या जागी शून्य घातलं की शेवटचा उतार मुळातून बिघडतो. असे नमुने सांख्यिकी प्रारूपात ‘सीमेखालचे’ म्हणून घेता येतात.

कॉर्टिसोल आणि साखर

औषधाबरोबर त्याच नमुन्यात कॉर्टिसोल मोजायला जास्तीचा प्लाझ्मा लागत नाही, पद्धतीत ३६३ चा आयन जोडला की झालं. अँटिबॉडीवरच्या चाचणीत नवजाताचं कॉर्टिसोल वाढीव दिसू शकतं आणि आईला प्रेडनिसोलोन चालू असेल तर ते कॉर्टिसोल म्हणूनच मोजलं जातं. जन्माच्या वेळी बाळाचं कॉर्टिसोल दबलेलं असणं हा औषधाचा अपेक्षित परिणाम आहे. तेवढ्यावरून ॲड्रिनल ग्रंथी निकामी असल्याचा शिक्का मारू नका. बाळाचा रक्तदाब, सोडियम, साखर बघून उपचार करणारे डॉक्टर ठरवतील.

साखरेचं मात्र तातडीचं. ३४ ते ३६ आठवड्यांच्या गर्भवतींवरच्या, २०१६ मध्ये छापून आलेल्या एएलपीएस चाचणीत बीटामेथासोन गटातल्या २४ टक्के बाळांची साखर उतरली होती, प्लासिबो (औषध नसलेलं इंजेक्शन) गटात १५ टक्के. तुमच्या अभ्यासातल्या बाळाची साखर कमी आली तर ती वहीत लिहिण्याआधी सिस्टरला सांगा.

पालकांनी विचारलं तर

विचारतातच. ‘आमच्या बाळात औषध जास्त आलं का?’ आकडा सांगायला हरकत नाही, पण सोबत हेही सांगा की किती म्हणजे जास्त याची ठरलेली रेघ नाही, की हा आकडा इंजेक्शननंतर इतक्या तासांचा आहे, आणि त्यावरून बाळाच्या उपचारात काही बदल होणार नाही. एका वडिलांनी मला विचारलं होतं, मग हे रक्त कशासाठी घेतलं? मी म्हटलं, पुढच्या बाळांना किती द्यायचं ते कळावं म्हणून. ते म्हणाले, आमच्या दुसऱ्या बाळाच्या वेळीही घ्या मग.